चरबी नुसती पडून नसते

पोटात आतड्यांवर पदरासारखा चरबीचा एक पडदा असतो, ओमेंटम. बीजांडकोशाचा कॅन्सर पसरायला लागला की बहुतेक वेळा इथे पोचतोच. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशननंतर हा पडदा फॉर्मॅलिनच्या डब्यातून माझ्या टेबलावर येतो. निरोगी असला तर पिवळाधमक, मऊ, सुरीखाली सरकणारा. कॅन्सरने भरलेला असला तर पांढुरका, घट्ट, जाडजूड. सर्जन त्याला ‘ओमेंटल केक’ म्हणतात.

एवढं पोट मोकळं असताना कॅन्सरला हीच जागा का आवडावी? शिकागो विद्यापीठातल्या अर्न्स्ट लेंगेल यांच्या गटाने २०११ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये याचं उत्तर दिलं, आणि ते मला अजून थक्क करतं. चरबीच्या पेशी इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ असे रेणू सोडतात आणि कॅन्सरच्या पेशी त्यांच्या मागावर येतात. म्हणजे पहिली हाक चरबीचीच! आल्यावर मात्र हुकूम कॅन्सरचा चालतो. त्याच्या सान्निध्यात चरबीची पेशी आपला साठा फोडायला लागते, फॅटी ॲसिड बाहेर पडतात आणि कॅन्सरची पेशी ती आत ओढून मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, जाळते. फॅटी ॲसिड वाहून नेणारं एफएबीपी४ हे प्रथिन नेमकं या दोघींच्या सीमेवर जास्त सापडलं.

स्लाइडवर ही सीमा मी रोज बघते. स्लाइडसाठी तुकडा पॅराफिन मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवताना झायलीन या द्रावकात चरबी विरघळून जाते, त्यामुळे तिच्या पेशींची नुसती रिकामी कडी दिसतात. गाठीपासून लांब ती मोठी, टपोरी; गाठीला लागून असलेली बारीक, आक्रसलेली.

रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक विचारतात, “मॅडम, आईचं तूप-तेल बंदच करू का?” नका हो करू, निदान स्वतःच्या मनाने तरी नका. उपासमारीने वजन उतरतं ते आईचं, आणि मग केमो झेपत नाही. काय खायचं ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

माझी खरी आशा आहे ती चरबी आणि कॅन्सरमधलं हे संभाषणच तोडण्यावर. त्याच अभ्यासात एफएबीपी४ नसलेल्या उंदरांमध्ये पसरलेल्या गाठींची वाढ बरीच खुंटली होती. रोजच्या उपचारात असं औषध अजून आलेलं नाही. ते यावं, आणि माझ्या टेबलावर येणारे ते घट्ट पांढुरके पडदे कमी व्हावेत, असं मला मनापासून वाटतं.