रडायला जागा

सकाळपासून एकच घोळतंय. आपल्या चर्चमधल्या आराधनेत रडायला जागा कुठं आहे?

दुसऱ्या गाण्याला आक्का खाली बसली. सगळी मंडळी उभी, कीबोर्डवर रिदम वाढवलेला, आणि ती पदर तोंडाला लावून बसलेली. माईकवरून आवाज आला, “कुणी उदास राहू नका, प्रभूच्या घरात आनंद करा!” तिच्या बंटीला जाऊन अजून महिनाही झालेला नाही.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा असेल. 88व्यात तर शेवटपर्यंत उजेड नाही. सोबती दुरावलेले, उरलाय काळोख, आणि तरीही बोलणं देवाशीच चाललंय. 22व्याची पहिली ओळ, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, प्रभू येशूनं वधस्तंभावर उच्चारली. मग आक्कानं तसं विचारलं तर तो अविश्वास कसा?

दुपारी तिच्याकडे गेले आणि 13वं वाचायला घेतलं. ‘कुठवर?’ असं विचारतच ते सुरू होतं. चौथं वचन संपलं तशी तिनं माझा हात धरला. “पुढचं आज नको.” पुढं भरवसा आहे, आनंद आहे. तो तिला माहीत आहे. आज नको होता, एवढंच.

आईच्या वेळी मलाही असंच टाळ्यांमध्ये उभं राहावं लागलं होतं. कुणी विचारलंही नाही... असो.

ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक म्हणायचे, तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, रुसतात, त्याला जाब विचारतात. त्या पुलाचा अभिमान सांगणाऱ्या आम्हाला देवापुढं गाऱ्हाणं घालायचा संकोच का वाटावा? आईच्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकाला खाकी कव्हर आहे, शिवण उसवलीय, आणि संथ चालीच्या गीतांपुढं तिनं पेन्सिलीनं बारीक फुल्या केल्यात. त्यातली कितीतरी मी मंडळीत ऐकूनही वर्षं झाली.

वाजवणाऱ्या पोरांवर राग नाही. कामावरून दमून येतात, तरी शनिवारी उशिरापर्यंत सराव करतात. त्यांच्या कानावर पडलं तेच ती गातात. सगळं लगेच बदलणार नाही, आणि टाळ्यांची गाणीही हवीतच. आनंद झालेला माणूसही त्याच बाकावर बसलेला असतो. पाळकसाहेबांना एवढंच विचारणार आहे, की येत्या रविवारी फुली केलेलं एक गीत नुसत्या पेटीवर घेऊ द्याल का. आणि त्याआधी 13वं स्तोत्र, चौथ्या वचनापर्यंतच.