बाळाच्या झोपेएवढं काम

मंगळवार, दुपार

बाळ झोपलं असं वाटलं तरी पहिली पाच-दहा मिनिटं ब्लॉग लिहिण्याचं काम सुरू करायचं नाही. तेव्हा झोप वरवरची असते, लॅपटॉप उघडल्याच्या 'टक' आवाजानेसुद्धा डोळे उघडतात. हात अलगद उचलून सोडला आणि तो लुळा खाली पडला, मूठ सैल झालेली दिसली, की मग बसायचं.

लहान बाळाच्या झोपेचं एक चक्र साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं, मोठ्या माणसाचं ९०च्या आसपास. म्हणून पाऊण तासाने चुळबुळ सुरू झाली तर ती बाळाची खोड नव्हे, चक्र संपत आल्याची खूण आहे. कधी बाळ पुन्हा झोपतं, कधी नाही. सुरुवातीची ती दहा मिनिटं आणि शेवटी कान तिकडेच लागलेले असतात ती पाच वजा केली, तर हातात ३० मिनिटं उरतात. सगळा आराखडा या ३०वर बसवायचा. दीड तास मिळेल असं धरून चाललं तर तो कधी मिळतोही. पण मिळाला नाही की जीव चडफडतो आणि तो राग निघतो बाळावर. त्याने तर काहीच कबूल केलेलं नसतं.

एक लेख म्हणजे एक काम, ही समजूत आधी सोडावी लागते. लेखात डोक्याची कामं वेगळी आणि हाताची वेगळी. मुद्दे सुचणं, त्यांचा क्रम लावणं, वाक्यं घडवणं ही डोक्याची. त्यांना दिवसातली पहिली झोप द्यायची, कारण तेव्हा आपलंही डोकं ताजं असतं. फोटो १२०० पिक्सेल रुंदीला आणणं, त्यांना वर्णन देणं, दुवे उघडतात का ते बघणं ही हाताची. बाळ शेजारी खेळत असताना ती उरकता येतात, मध्येच सोडली तरी काही बिघडत नाही. उलटं केलं तर पस्तावायला होतं: शांततेची ३० मिनिटं फोटो कापण्यात जातात आणि रडारडीत प्रस्तावना लिहायची वेळ येते.

कच्चा मजकूर बोलूनही उतरवता येतो. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. तेव्हा हात अडकलेले असतात, पण सगळ्याच वेळा डोकं अडकलेलं नसतं. बोलून टाइप करताना विरामचिन्हं बहुधा पडत नाहीत, म्हणून एक मुद्दा झाला की थांबून नवी ओळ घ्यायची. नाहीतर दोन दिवसांनी समोर अखंड मजकुराचा गठ्ठा येतो आणि कुठे काय म्हणायचं होतं ते आपल्यालाच लागत नाही. अर्थात, रोज एखादं तरी दूधपाजणं कामाशिवायचं राहू द्यावं.

सगळ्यात मोलाची गोष्ट उठतानाची. परिच्छेद पुरा करायच्या नादात बाळाला 'एक मिनिट, एक मिनिट' करत राहायचं नाही. वाक्य अर्धं असलं तरी तिथेच थांबायचं आणि खाली एक ओळ टाकायची: 'पुढे: दुसऱ्या मुद्द्याचं उदाहरण ढिलं आहे, बदलायचं. मग शेवट.' इतकंच, २० सेकंदांचं काम. कामातल्या लक्षावर संशोधन करणाऱ्या सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये 'अटेन्शन रेसिड्यू' ही कल्पना मांडली: अर्धवट सोडलेल्या कामात लक्ष अडकून राहतं आणि पुढच्या कामाला पुरं मिळत नाही. पुढे काय करायचं ते लिहून ठेवलं की हे अडकणं कमी होतं, हेही त्यांच्या नंतरच्या संशोधनात दिसलं. इथे पुढचं काम म्हणजे बाळ. मांडीवर मूल आणि मनात परिच्छेद, ही अवस्था दोघांनाही छळते. म्हणून ती ओळ लेखासाठी जितकी, तितकीच मुलासाठी.

मंगळवार, रात्र

काय ढिलं चालेल आणि काय नाही, याला माझ्या मते एकच कसोटी पुरते: चुकलं तर मागे घेता येईल का?

शीर्षक बदलता येतं. फोटो साधा असला तरी चालतो, प्रस्तावना पुढच्या आठवड्यात नीट करता येते. पण लेखाचा वेब-पत्ता प्रसिद्धीनंतर बदलला, की लोकांनी जपून ठेवलेले जुने दुवे तुटू शकतात आणि उघडल्यावर '४०४', म्हणजे पान सापडलं नाही, असं दिसतं. तो आधीच आखूड आणि नेमका ठेवायचा. औषधाचं प्रमाण, वय, तापमान हे आकडे रात्री पेंगुळल्या डोळ्यांनी तपासायचे नाहीत. मुलाच्या फोटोचं तर सांगायलाच नको. फोनवर काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते. ती काढून टाकायची, आणि एकदा बाहेर गेलेला फोटो कधीच पुरता परत येत नाही, हे धरूनच टाकायचा की नाही ते ठरवायचं.

आईपणालाही तीच कसोटी लागते. बाळ पाण्यात असताना फोन दुसऱ्या खोलीत. इथे क्षणाचीही सवलत नाही. कपड्यांच्या घड्या दोन दिवस राहिल्या तर राहू द्याव्यात. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३च्या लेखात 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना मांडली. ही आई सुरुवातीला बाळाच्या गरजांशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते आणि त्याची सोसायची ताकद वाढेल तसतसं ते हळूहळू कमी करत जाते. म्हणजे तिचं थोडं थोडं कमी पडणं हा बाळाच्या वाढीचाच भाग. सहा आठवड्यांच्या बाळाला थांबायला लावणं आणि दोन वर्षांच्या मुलाला 'ही ओळ संपली की येते' म्हणणं, यात फार अंतर आहे. मात्र ओळ संपली की खरंच उठायचं.

रात्री लेख पुरा झाला तरी लगेच प्रसिद्ध करू नये. सकाळची वेळ लावून ठेवावी आणि त्याआधी एकदा ताज्या डोळ्यांनी वाचावा. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, इथे दोन खोड्या होतात. टाइमझोन 'यूटीसी'वरच (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिला असेल तर लेख भलत्याच वेळी निघतो. सेटिंग्जमध्ये आपलं शहर निवडायचं. आणि वेळ लावलेला लेख मुळात कोणीतरी साइट उघडल्यावर सुटतो, त्यामुळे वर्दळ कमी असेल तर तो वेळेवर न निघता लटकतो. तिसरी चूक आपल्या हातची: एकच मसुदा फोनवर आणि लॅपटॉपवर उघडा ठेवणं. जुन्या प्रतीवर 'सेव्ह' दाबलं की नवं लिखाण पुसल्यासारखं दिसतं. ते बहुतेक वेळा जुन्या आवृत्त्यांमध्ये सापडतं, म्हणून घाबरून पुन्हा लिहायला बसण्याआधी तिथे बघावं.

शुक्रवार

साधारण १५ ते १८ महिन्यांच्या सुमारास दिवसाच्या दोन झोपांची एक होते. काही आठवडे रोजचा दिवस वेगळा उगवतो: आज दोन झोपा, उद्या एकच, तीही भलत्या वेळी. त्या काळात दर आठवड्याचा लेख पंधरवड्यावर न्यावा, आणि हे आधीच ठरवावं. फजिती झाल्यावर ठरवलं की ते हरल्यासारखं वाटतं. दात, ताप, प्रवास यांसाठी ऋतुमानाशी न बांधलेले तीन लेख पुरे करून बाजूला ठेवावेत. त्यातला एक वापरला, की पुढची पहिली मोकळी झोप ती जागा भरण्यासाठी. नवा विषय त्यानंतर.