केप टाउनहून मैत्रीपर्यंत : माझा अनुभव

गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या अंटार्क्टिक मोहिमेत, मैत्री या भारतीय तळासाठी निवड झाल्यावर आधी दिल्लीत एम्समध्ये कसून वैद्यकीय तपासणी झाली. मग औलीला आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या) जवानांबरोबर बर्फावरचा सराव. इथवर सगळं तारखेबरहुकूम झालं. केप टाउनला पोचलो आणि तारखांचा विषयच संपला.

तिथून नोव्होलाझारेव्हस्काया या रशियन तळाजवळची धावपट्टी सुमारे ४,२०० किलोमीटरवर आहे. इल्युशिन-७६ विमानाला साडेपाच-सहा तास लागतात. ही धावपट्टी निळ्या, म्हणजे दाबून टणक झालेल्या बर्फाची. भर उन्हाळ्यात वरचा थर मऊ पडला तर चाकांवरचं एवढं जड विमान उतरवता येत नाही. ढग खाली आले किंवा वाऱ्याने बर्फ उडू लागला, की जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं तेच कळत नाही. वळवून न्यावं असा दुसरा विमानतळ जवळपास नाही, म्हणून परतीचं इंधन टाकीत ठेवावं लागतं आणि वेळ आली तर विमान अर्ध्या वाटेवरून मागे फिरतं. ब्रीफिंगमध्ये हे ऐकल्यापासून ‘आज उड्डाण नाही’ या निरोपाचा मला त्रास झाला नाही. तो निर्णय घेणाऱ्या हवामानतज्ज्ञांबद्दल मला फार आदर वाटतो.

थांबलेल्या दिवसांत बूट, बॅगा, जॅकेटचे खिसे साफ केले. वेल्क्रोत रुतलेली कुसळं चिमट्याने एकेक करून उपटली. १९९१च्या माद्रिद करारामुळे परकी झाडं, बिया तिथे परवानगीशिवाय नेता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मैत्री जिथे आहे त्या शिर्माकर ओॲसिस या बर्फाविनाच्या पट्ट्यातल्या खडकांवर शेवाळ आणि दगडफूल एवढंच काय ते वाढतं. आपल्या बुटातून गवताचं बी तिथे जाता कामा नये.

मग एका संध्याकाळी फोन आला : आज रात्री निघायचं. जाणाऱ्यांनी औषधं आणि एक जाड स्वेटर हातातल्या पिशवीतच ठेवावा, बाकी सामान मालाबरोबर बांधलं जातं. विमानात खिडक्या जेमतेम, आवाज प्रचंड. कानात बोळे घालूनच बसायचं. उतरण्याआधी सगळे दाटीवाटीत, एकमेकांचे खांदे धरत, जाड पोलर कपडे चढवतात. बर्फावर ब्रेकचा भरवसा नसतो. वेग कमी होतो तो इंजिनांच्या उलट्या रेट्याने, आणि तो पाठीला चांगलाच जाणवतो.

आम्ही मैत्रीवाले बर्फावरच्या गाडीतून तळाकडे निघालो. भारती या आपल्या आणखी एका तळावर जाणाऱ्यांना अजून सुमारे ३,००० किलोमीटर पूर्वेला जायचं होतं. स्कीवर उतरणारं छोटं बास्लर विमान आणि पुन्हा एकदा स्वच्छ हवा, दोन्हींची वाट पाहत ते धावपट्टीजवळच थांबले.