वेगवान शुक्राणू जिंकतात, मग मंद उरतात कसे?

झेब्रा फिंच या ऑस्ट्रेलियातल्या छोट्या पक्ष्याचा विषय निघाला की हे ठरलेलंच: वेगवान शुक्राणूंच्या नरांना जास्त पिल्लं होतात, तर मंदवाले अजून टिकले कसे? पाठोपाठ शंका, मोजण्यात चूक असेल.

चूक होते, खरंय. शेपटीचं टोक तुटलेलं असलं की लांबी कमी भरते. म्हणून फॉर्मॅलिनमध्ये राखलेल्या नमुन्यातले डोक्यापासून टोकापर्यंत अखंड शुक्राणूच घ्यायचे, 400 पट मोठे करून मोजायचे आणि तेच पुन्हा एकदा मोजायचे. तरीही नरानरांतला फरक जात नाही. एकाच नराचे शुक्राणू मात्र एकमेकांसारखे असतात.

पूर्वी मी ठामपणे सांगायचे, शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असणार. 2017 साली ते मत सोडावं लागलं. इंग्लंडमधल्या शेफील्ड आणि जर्मनीतल्या झेविझन इथल्या संशोधकांचे दोन अभ्यास एकाच जागी पोहोचले: झेड गुणसूत्र. हे पक्ष्यांतलं लिंग ठरवणारं गुणसूत्र, नराकडे दोन असतात. त्याचा बहुतेक भाग व्यापणारा एक पट्टा काही पक्ष्यांत उलटा बसलेला आहे. सरळ आणि उलटा समोरासमोर आले की त्या भागात जनुकांची अदलाबदल जवळपास थांबते, आणि सगळा पट्टा एका गठ्ठ्यानं पुढच्या पिढीत जातो. ज्या नराकडे दोन वेगळी रूपं असतात, त्याच्या शुक्राणूंचा मधला भाग लांब असतो. इथेच तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, शेपटीभोवती पिळासारखी गुंडाळलेली असते. हे शुक्राणू वेगानं पोहतात आणि पिल्लंही जास्त देतात.

आता हिशेब करा. पट्ट्याच्या दोन रूपांना ए आणि बी म्हणू. दोन्ही रूपं असलेला, म्हणजे ए-बी, बाप घ्या. मादीकडे झेड एकच, दुसरं डब्ल्यू. म्हणजे ती कधीच मिश्र नसते. आई ए असेल तर निम्मे मुलगे ए-ए, निम्मे ए-बी. आई बी असेल तर निम्मे ए-बी, निम्मे बी-बी. जिंकणारा नरच दर पिढीत हरणारे मुलगे जन्माला घालतो! ए विरळ झाला की तो बहुधा मिश्र नरांतच सापडतो आणि पुन्हा वाढतो. बी विरळ झाला तरी तसंच. नैसर्गिक निवड कोणालाच पुसत नाही.

पण ऑस्ट्रेलियातल्या रानात या पक्ष्यांची परनरापासूनची, म्हणजे जोडीबाहेरच्या नराची, पिल्लं फार थोडी असतात. मग वेगवेगळ्या नरांच्या शुक्राणूंची स्पर्धाच फारशी नसताना वेगाला तिथे एवढी किंमत का? शिवाय अनेक पक्षिजातींत दिसतं की परनराची पिल्लं कमी, तिथे नरानरांतला फरक जास्त. म्हणजे सैल निवडीमुळेही विविधता उरते. ही हरकत मला खोडता येत नाही. झेडचा हिशेब मात्र चुकलेला नाही.