हळद मोजता येत नाही, बेदाणे येतात

आज गल्लीतल्या सहावीच्या पोरांना इंग्रजीतलं नाम शिकवलं. व्याख्या सगळ्यांची पाठ होतीच. मग पुस्तक मिटलं आणि विचारलं, आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डात काय काय येतं? हळद, बेदाणे, गूळ, पोती! यातलं एक-दोन-तीन असं काय मोजता येतं? बेदाणे आणि पोती. म्हणून रेझिनला 'एस' लागतो, टर्मरिकला नाही. दोन पोती हळद म्हणायची तर अनेकवचन पोत्याचं: 'टू बॅग्ज ऑफ टर्मरिक'.

एका पोरीनं लगेच विचारलं, "मग तांदूळ? त्याचे दाणे मोजता येतात की!" फार आवडला मला हा प्रश्न. इंग्रजीत राइस न मोजायच्या नामांत बसतो, दाणा मोजायचा तर 'अ ग्रेन ऑफ राइस' म्हणावं लागतं.

विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं, हे मुलं विसरतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीतच, मग त्यांना का रागवायचं? सांगलीआधी 'द' नाही, कृष्णा नदीआधी मात्र हवा. हे सरावानंच येतं.

व्याकरण असं आपल्या बाजारातून, नदीवरून शिकवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. उद्या लिंग घेणार आहे: आपल्याकडे टेबल ते, खुर्ची ती, इंग्रजीत दोन्हीला 'इट'.