कारासयोक: घरातच पाहुणा राहिलेला ढोल

उत्तर नॉर्वेतल्या लाक्सेल्व्हच्या विमानतळावरून कारासयोक हे गाव पाऊणशे किलोमीटर. बसमध्ये मी धरून चौघंजण. दोन्ही बाजूंना खुजी बर्चची झाडं आणि बर्फ, दुसरं काही नाही. गावात उतरले तेव्हा उणे २४ होतं. मी कुडकुडतेय हे बघून लॉजवाल्या बाई नुसत्या हसल्या. याच गावात १ जानेवारी १८८६ रोजी उणे ५१.४ नोंदलं गेलंय, नॉर्वेतला आजवरचा नीचांक. त्यांच्या लेखी माझी थंडी म्हणजे लाडच.

त्या दिवशी संग्रहालय गाठलं तर बंद. वेळ बघून निघायची अक्कल मला अजून आलेली नाही. मग रेनडिअरच्या मटणाचा गरम रस्सा प्यायले, बिडोस म्हणतात त्याला, आणि सकाळची वाट बघत बसले.

ज्यासाठी एवढी उत्तरेला आले तो ढोल एका मंद उजेडातल्या काचेच्या पेटीत आहे. ढोल म्हणतेय खरी, पण शब्द बसत नाही. सामी, म्हणजे या उत्तरेकडच्या मुलखातले मूळ रहिवासी. त्यांचे हे ढोल दोन जातींचे. दक्षिणेकडे लाकडाची पट्टी वाकवून केलेली चौकट, आपल्या डफासारखी. उत्तरेकडे लाकूड कोरून केलेला वाडगा, त्यावर कातडं ताणलेलं, म्हणजे छोटा नगाराच. हा दुसऱ्या जातीतला. उत्तर सामी भाषेत त्याला गोअव्दिस म्हणतात. रेनडिअरच्या कातड्यावर तांबूस चित्रं, अल्डरच्या झाडाच्या सालीच्या रसाने काढलेली. वाजवण्याआधी कातडं विस्तवावर शेकून ताणून घेत, हे वाचलं आणि हलगी शेकणारे हात आठवले.

वाजवायची रीत मात्र निराळी. कातड्यावर पितळेची किंवा हाडाची एक चकती ठेवायची आणि शिंगाच्या हातोडीने ठोके द्यायचे. चकती उड्या मारत चित्रांवरून फिरते. कुठल्या चित्रावर थांबली, सूर्याच्या दिशेने फिरली की उलट, त्यावरून शिकार, प्रवास, आजारपण यांचा कौल घ्यायचा. कौल घेणारा जाणता म्हणजे नोआइडी.

हा ढोल ज्याचा, त्याचं नाव अँडर्स पौल्सेन, सामीत पोआला-आंदे. वारांगेरच्या मुलखात डिसेंबर १६९१ मध्ये त्याच्याकडून तो जप्त झाला. म्हातारा स्वतःच सांगत होता की वय शंभरच्या आसपास आहे. फेब्रुवारी १६९२ मध्ये वाडसोच्या न्यायालयात त्याच्यावर जादूटोण्याचा खटला उभा राहिला. न्यायाधीशांनी एकेका चित्रावर बोट ठेवून विचारलं, त्याने एकेकाचा अर्थ सांगितला आणि लिहिणाऱ्याने तो लिहून घेतला. अडलेल्या बाईची सुटका व्हावी म्हणून ढोल वापरतो, असंही तो म्हणाला. कोपनहेगनला विचारून निकाल द्यायचं ठरलं, पण त्याआधीच कैदेत झोपलेला असताना एका वेडसर माणसाने त्याला कुऱ्हाडीने मारलं. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली, त्यामुळे ढोल गेला कोपनहेगनच्या राजसंग्रहात.

चित्रं पाच ओळींत आहेत. जबानीप्रमाणे वर मेघगर्जनेचा देव, रानटी रेनडिअर. खाली सूर्य, मग देवाचा पुत्र, देवाचा पिता, चर्च. मेरीही आहे, नाताळही आहे. सगळ्यात खालच्या ओळीत सैतान, नरकाचा अग्नी आणि आत्मे उकळायची डांबराची कढई. म्हणजे आपला कुंभीपाकच की! आधी मी हसले, मग थबकले. समोर न्यायाधीश बसलेत, शिक्षा झाली तर जिवाशी गाठ. अशा वेळी कातड्यावरची कुठली रेघ चर्च ठरते आणि कुठली मेरी? खरंच त्याच्या मनात दोन्ही धर्म एकत्र नांदत असतील, तसं नाही असं नाही. पण पाटीवर मी जो अर्थ वाचत होते, तो घाबरलेल्या म्हाताऱ्याची जबानी होता. आणि तरीही या ढोलाबद्दल एवढं माहीत आहे ते त्या जबानीमुळेच.

बाकीच्यांच्या नशिबी तेही नाही. टोमास फोन वेस्टेन या मिशनऱ्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शंभराच्या आसपास ढोल गोळा केले, त्यातले बरेचसे १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत खाक झाले. स्वीडनमध्ये १६९३ साली लार्स निल्सन नावाच्या सामीला ढोलासकट जाळलं. बुडालेला नातू परत यावा म्हणून त्याने ढोल वाजवला होता. आज जगात सत्तरेक जुने ढोल उरलेत. त्यातले तीसहून अधिक स्टॉकहोमच्या नॉर्डिस्का संग्रहालयात, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, बाकी जर्मनीपासून इटलीपर्यंत विखुरलेले.

कारासयोकचा हा ढोल १९७९ मध्ये इथे आला, पण उसनवारीवर. घर याचं, मालकी डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाची! करार संपत आला तेव्हा सामी संसदेच्या तत्कालीन अध्यक्षा आयली केस्किटालो यांनी थेट डेन्मार्कच्या तेव्हाच्या राणी मार्गरेटला साकडं घातलं. अखेर २०२२ च्या सुरुवातीला मालकी सामींकडे आली. चाळीसहून जास्त वर्षं आपल्याच घरात पाहुणा म्हणून राहायचं, याला काय म्हणावं?

तिथल्या एका तरुण मुलीला मी चाचरत विचारलं, कुणी आता वाजवतं का? "हा? नाही," ती म्हणाली. "नवे करतात. हा दमलाय."

निघायच्या आधी पुन्हा पेटीपाशी गेले. या वेळी पाटीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. सूर्य ओळखता आला, रेनडिअर ओळखू आले. तळच्या ओळीशी बराच वेळ वाकून उभी राहिले. डांबराची कढई कुठली, ते काही सांगता येईना.