454 ग्रॅमची पिशवी: विकतच्या पिठाच्या पिझ्झाची हिवाळी नोंद

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते: तळ खरपूस होतोय, काठ फुगतोय आणि 35 सेंटिमीटरचा पिझ्झा लाकडी फळीवरून न अडखळता ओव्हनमध्ये सरकतोय. पीठ विकतचंच आहे आणि पुढेही विकतचंच राहणार. मैदा-यीस्ट-मळणं या वाटेवर आपल्यातले बरेच जण आहेत, त्यांचे फोटो बघून जळण्यात मला कमीपणा वाटत नाही.

न्यू जर्सीत तयार पीठ दोन ठिकाणी सहज मिळतं. एक ट्रेडर जोज या सुपरमार्केटची 454 ग्रॅमची पिशवी, दुसरं कोपऱ्यावरचं पिझ्झाचं दुकान. स्लाइस विकणाऱ्या बऱ्याच दुकानांत कच्चा गोळा मागितला की देतात, फक्त तो त्यांच्या मोठ्या पिझ्झाच्या मापाचा असतो. त्यामुळे घरी आल्यावर पहिलं काम वजनकाट्याचं. न्यूयॉर्कच्या धाटणीचा पातळ 35 सेंटिमीटरचा पिझ्झा करायचा तर 390 ग्रॅम पुरतात, अख्खी पिशवी वापरली की मधला भाग जाड होऊन पावाच्या अंगावर जातो. उरलेल्या 60-65 ग्रॅमच्या वळ्या करून, गाठी मारून, लसूण-लोण्यात घोळवायच्या. पिझ्झेरियातले गार्लिक नॉट्सही उरलेल्या पिठाचेच.

या हिवाळ्यात खरा फरक पडला तो वेळेमुळे. पीठ आणलं त्या दिवशी वापरायचं नाही, हा आता घरातला नियम. पिशवीतून काढून पुन्हा घट्ट गोल करायचं, तेलाचा हात लावलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवायचं आणि एक-दोन दिवस फ्रिजमध्ये विसरायचं. चार अंशांनाही यीस्ट हळूहळू काम करत राहतं. पिठातली विकरं स्टार्चची साखर करत राहतात, म्हणून दोन दिवसांच्या पिठाला चव येते आणि घरगुती ओव्हनमध्येही रंग चढतो. पिशवीवरची तारीख बघून किती दिवस हाताशी आहेत ते ठरवते. अति झालं तर पीठ बसतं, दारूसारखा वास येतो आणि ताणताना भोकं पडतात, त्या गोळ्याचा सरळ फोकाचा, म्हणजे तव्यात भाजलेला जाड इटालियन पाव, करावा.

गोल करायचं ते आदल्या दिवशीच. ऐन वेळी गोळा पुन्हा वळला की ग्लुटेन, म्हणजे पिठातलं चिवट प्रथिन, आवळतं आणि पीठ रबरासारखं मागे येतं. फ्रिजमधून काढल्यावर आमच्या थंड स्वयंपाकघरात दोन तास तरी बाहेर ठेवते. सध्या सांगलीहून सासूबाई आल्या आहेत, त्या दर अर्ध्या तासाने डब्यात डोकावून विचारतात, "अगं, याला अजून किती वेळ?" मी म्हणते, "आई, बोट दाबून बघा. खड्डा हळूहळू भरला की झालं." आता ते खातं त्यांच्याकडेच दिलंय. त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा बरा आहे, आयुष्यभर इडलीचं पीठ ओळखलेला हात आहे तो.

लाटणं वापरू नये यावर मी ठाम आहे. फ्रिजमध्ये दोन दिवस जमवलेली हवा लाटणं एका फेरीत काढून टाकतं. बोटांच्या टोकांनी मधून बाहेर दाबत जायचं, भाकरी थापताना फिरवतो तसं फिरवायचं, फक्त कडेची बोटभर जागा सोडून. मग मुठींवर घेऊन वजनानेच ताणू द्यायचं. मागे येत असेल तर झाकून पंधरा मिनिटं सोडून द्या, जोर लावून फाडण्यात अर्थ नाही.

आता ओव्हन. नेपल्सच्या पिझ्झा असोसिएशनच्या नियमांतला पिझ्झा 485 अंश सेल्सिअसच्या आसपास, 60 ते 90 सेकंदांत होतो. आमचा ओव्हन 550 फॅरनहाइटला, म्हणजे 288 सेल्सिअसला थांबतो. मग नेपल्सच्या मागे का लागायचं? न्यूयॉर्कच्या दुकानांतले गॅसचे डेक ओव्हन (सपाट तळावर थेट भाजणारे) साधारण 290 ते 320 अंशांत चालतात. ते आपल्या आवाक्याजवळचं आहे, फक्त तळाला उष्णता झपाट्याने मिळायला हवी. त्यासाठी स्टीलची जाड प्लेट घेतली. स्टील पिझ्झा भाजायच्या दगडापेक्षा उष्णता कितीतरी लवकर पिठात सोडतं. प्लेट वरच्या खणात ठेवते आणि तासभर तापवते. ओव्हन 'तापलो' म्हणून वाजतो ते हवेच्या तापमानावर, प्लेट तेव्हा बरीच मागे असते. इन्फ्रारेड थर्मामीटर एकदा रोखून बघा, त्या आवाजावरचा विश्वास उडेल. सहा-सात मिनिटांत पिझ्झा होतो, त्यातलं शेवटचं मिनिट ब्रॉयलरवर, म्हणजे ओव्हनच्या वरून येणाऱ्या थेट आचेवर.

प्लेट घ्यायची नसेल तर बिडाचा मोठा तवा आहेच. तवा गॅसवर सणसणीत तापवायचा, ताणलेलं पीठ त्यात टाकून झटपट सॉस-चीज घालायचं आणि ब्रॉयलरखाली सरकवायचं. मूठ मात्र कापडाने धरा.

फळीवर मैदा आणि बारीक रवा निम्मा-निम्मा. रवा बारीक गोळ्यांसारखा खालून घरंगळतो, पीठ चिकटत नाही. जास्त झाला तर जळून कडवट लागतो, म्हणून प्लेट दर वेळी झटकते. बेकिंग पेपर मी सोडला. बहुतेक कागद 220-230 अंशांपर्यंतचेच असतात आणि पिठाला प्लेटचा चटका थेट बसत नाही.

सॉसबद्दल थोडक्यात: डब्यातले अख्खे टोमॅटो, हाताने कुस्करून, मीठ घालून, न शिजवता. एका पिझ्झाला 120 ग्रॅमपेक्षा जास्त नको. चीज कमी पाण्याच्या मोझरेलाची वडी आणून स्वतः किसा. तयार किसलेल्या चीजला गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावतात, ते नीट वितळत नाही. ओली मोझरेला या तापमानाला तळं करते. सासूबाईंच्या आग्रहाखातर कांदा-सिमला मिरची येते, पण तीही पातळ चिरून आणि मूठभरच. भाज्यांचा ढीग घातला की खालचं दोन दिवसांचं पीठ वाफेवर शिजतं.

पुढचा प्रयोग न्यू जर्सीतल्याच ट्रेंटन शहराचा टोमॅटो पाय, हा पिझ्झाचाच एक प्रकार. आधी चीज, त्यावर टोमॅटो, असा उलटा क्रम. 1912 मध्ये ट्रेंटनला सुरू झालेलं पापाज टोमॅटो पाइज आता रॉबिन्सव्हिलला आहे, आमच्याकडून गाडीने जाता येतं, म्हणजे तुलना करायला नमुना हाताशी. उलट्या क्रमात चीजचा थर पीठ आणि टोमॅटोच्या मध्ये येतो, त्यामुळे तळ कोरडा राहायला हवा असा माझा होरा आहे. प्रश्न टोमॅटोच्या पाण्याचा आहे: चाळणीत अर्धा तास निथळावेत की मीठ लावून पिळून घ्यावेत? कुणी दोन्ही करून बघितलं असेल तर सांगा, गोळा शुक्रवारी डब्यात जाईल आणि रविवारी भाजायचाय.